‘एमबीए’ची पाटी मोठी, पदवी कुठे? आयआयपीएमचा धडा आणि बेल्लमपल्लीच्या पालकांचा हिशेब

बेल्लमपल्ली : डिग्रीचा शेवटचा पेपर संपला की गावात एकच चर्चा सुरू होते. पोरगं आता हैदराबादला जाणार, पुण्याला जाणार की नागपूरला? सिंगरेणीच्या क्वार्टरमधल्या मराठी घरांत, कागजनगर-आसिफाबादच्या बाजारपेठेत, पलीकडे राजुरा-बल्लारशाला हीच बोलणी ऐकू येतात. बी.कॉम. झालं, आता एमबीए. मग फोन यायला लागतात. गोड बोलणारा ‘काउन्सेलर’ म्हणतो, सीट दोनच उरल्यात, आज पंचवीस हजार भरून ठेवा. एंट्रन्स नको, मार्कांची अट नको, प्लेसमेंट शंभर टक्के.

घरातल्यांचा प्रश्न साधा असतो : ‘जॉब लागंल ना?’ फोनवरचं उत्तरही तितकंच साधं असतं : ‘हो.’ या दोन वाक्यांमध्ये एका खाण कामगाराची ग्रॅच्युइटी निघून जाऊ शकते. म्हणून मोठ्या शहरांतली खासगी बिझनेस कॉलेजं नेमकी कशी चालतात, हे या भागातल्या पालकांना माहीत असायला हवं. त्यासाठी देशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुरेसं आहे. ते म्हणजे आयआयपीएम, अर्थात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट.

पानभर जाहिरातींचं साम्राज्य

ही संस्था १९७३ मध्ये दिल्लीत मलय चौधरी यांनी सुरू केली. तिला घरोघरी पोहोचवलं ते त्यांचे पुत्र अरिंदम चौधरी यांनी. मागे बांधलेले केस, झगमगीत सूट आणि ‘मॅनेजमेंट गुरू’ ही ओळख. २००० नंतरच्या दशकात इंग्रजी पेपर उघडला की त्यांचा फोटो समोर यायचा. आयआयएमच्या पलीकडे विचार करण्याची हिंमत दाखवा, असं जाहिरात सांगायची. सोबत लॅपटॉप, परदेश दौरा, मोठ्या कंपन्यांची नावं. दिल्लीबाहेर मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, अहमदाबाद अशी कॅम्पसची रांग लागली.

ज्याला कॅटमध्ये जागा मिळाली नाही, पण घरी थोडा पैसा आहे, असा मुलगा हे या संस्थेचं खरं गिऱ्हाईक होतं. जिल्ह्याच्या गावातला दुकानदार, कंत्राटदार, सरकारी नोकर यांच्या घरातली ही मुलं. इंग्रजीची भीती आणि मोठ्या शहराची ओढ, दोन्ही त्यांच्यात होतं. जाहिरात त्यांच्याशीच बोलत होती.

संस्थेभोवती प्लॅनमन नावाचा व्यवसायगट उभा राहिला. सल्लागार कंपनी, सिनेमानिर्मिती, मराठी-तेलुगूसह अनेक भाषांत निघणारं ‘द संडे इंडियन’ हे नियतकालिक असा त्याचा पसारा. ‘रोक सको तो रोक लो’ हा २००४ चा सिनेमा अरिंदम यांनीच दिग्दर्शित केला होता. कॉलेज, मासिकं, सिनेमा आणि त्यामागे एकच चेहरा. या सगळ्याचा पालकांवर एकच परिणाम व्हायचा : एवढी मोठी पार्टी आहे, खोटी कशी असेल?

पदवीचा प्रश्न

इथे कायदा समजून घ्यावा लागेल. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठाला किंवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. साधं कॉलेज स्वतःच्या सहीने एमबीए देऊ शकत नाही. विद्यापीठाशी संलग्न असेल तर विद्यापीठाची पदवी देता येते. संलग्न नसेल तर एआयसीटीईच्या मान्यतेने पीजीडीएम, म्हणजे पदव्युत्तर डिप्लोमा देता येतो. या दोन्हींत न बसणारं कॉलेज जे देतं, तो त्या कॉलेजचा स्वतःचा दाखला.

आयआयपीएमकडे यूजीसीची मान्यता नव्हती आणि एआयसीटीईचीही नव्हती. आम्ही पदवी देत नाही, ती बेल्जियममधली आयएमआय ही संस्था देते, असं उत्तर संस्था देत असे. पण त्या परदेशी संस्थेला तिथेच मान्यता आहे का, हा पुढचा प्रश्न होता, आणि पुढे कोर्टात तोच महागात पडला.

गंमत अशी की कायदा कडक असला तरी त्याचा दंड ऐकून हसू येईल. पदवीच्या अधिकाराचा भंग केला तर यूजीसी कायद्यात दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत. एका विद्यार्थ्याच्या फीमध्ये असे किती दंड बसतील, याचा हिशेब बेल्लमपल्लीच्या कुठल्याही किराणा दुकानदाराला तोंडपाठ करता येईल.

बोलणाऱ्यांवर खटले

आयआयपीएमवर प्रश्न विचारणारे लोक सुरुवातीपासून होते. २००५ मध्ये रश्मी बन्सल यांच्या ‘जॅम’ या तरुणांच्या मासिकाने संस्थेच्या जाहिरातींतले दावे तपासून लेख छापला. गौरव सबनीस या मराठी तरुणाने आपल्या ब्लॉगवर त्याची दखल घेतली. तो तेव्हा आयबीएममध्ये नोकरीला होता. त्याच्या कंपनीचे लॅपटॉप तिच्याच ऑफिससमोर जाळण्याची भाषा झाली. कंपनीला आपल्यामुळे त्रास नको म्हणून सबनीस यांनी राजीनामा दिला, पण लिहिलेलं मागे घेतलं नाही.

२०११ मध्ये ‘द कॅरॅव्हान’ मासिकाने सिद्धार्थ देब यांचा अरिंदम चौधरींवरचा दीर्घ लेख छापला. दिल्लीची संस्था, दिल्लीचं मासिक, पण ५० कोटींचा बदनामीचा दावा दाखल झाला आसामातल्या सिल्चरला. कोर्टाच्या मनाईमुळे लेख काढावा लागला. देब यांचं पुस्तक भारतात आलं ते त्या प्रकरणाशिवाय. तो लेख पुन्हा वाचकांसमोर यायला फेब्रुवारी २०१८ उजाडलं, जेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली.

फेब्रुवारी २०१३ ची घटना तर आणखी बोलकी आहे. ग्वाल्हेरच्या कोर्टाच्या आदेशावरून केंद्राच्या दूरसंचार विभागाने ७३ वेबपत्ते बंद केले. त्यांत बातम्या होत्या, लेख होते आणि खुद्द यूजीसीची नोटीसही होती. ही संस्था विद्यापीठ नाही, असं त्या नोटिशीत म्हटलं होतं. म्हणजे सरकारच्या एका खात्याने विद्यार्थ्यांना सावध केलं आणि दुसऱ्या खात्याने तो इशाराच झाकला. त्या काळात प्रवेश घेणाऱ्या मुलाने इंटरनेटवर शोध घेतला असता तरी त्याला काय सापडलं असतं?

कोर्टाचा निकाल आणि शेवट

२६ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर निकाल दिला. आपल्या अभ्यासक्रमांसाठी एमबीए, बीबीए, मॅनेजमेंट कोर्स, बी-स्कूल असे शब्द वापरायला संस्थेला मनाई झाली. आमच्याकडे शिकलात तर परदेशी पदवी मिळेल, असं सांगायलाही बंदी आली. आपल्याला कुठल्याही वैधानिक यंत्रणेची मान्यता नाही, हे संस्थेने लोकांना कळेल असं सांगावं, हा या निकालाचा रोख होता. २०१५ मध्ये संस्थेने देशभरातले कॅम्पस बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे २०२० मध्ये सेवाकराशी संबंधित आरोपावरून अरिंदम चौधरींना अटक झाली.

१९७३ ते २०१४ म्हणजे एक्केचाळीस वर्षं. एवढ्या काळात किती बॅच बाहेर पडल्या असतील! त्यांतले काही जण स्वतःच्या हिमतीवर पुढे गेले, चांगल्या नोकऱ्यांत आहेत. पण सरकारी भरतीचा अर्ज भरताना, पीएच.डी.ला जाताना, परदेशात शिकायला जाताना त्या कागदाची किंमत काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर येतोच. कॉलेज बंद झालं तरी बायोडेटावरची ती ओळ राहते.

नफा बंदीचा कायदा, नफ्याचे रस्ते

भारतात शिक्षणसंस्था नफ्यासाठी चालवता येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी असाच तिचा साचा लागतो. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यापासून २००२ चा टी.एम.ए. पै आणि २००५ चा पी.ए. इनामदार निकाल इथपर्यंत सर्वोच्च न्यायालयाने एक रेषा आखली : संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही.

कॉमर्सचा विद्यार्थी यातली फट लगेच ओळखेल. ट्रस्टला नफा वाटता येत नाही, पण खर्च तर करता येतो. इमारत कोणाची, तिचं भाडं कोणाला जातं? हॉस्टेल, मेस, बस, लॅपटॉप यांचं कंत्राट कोणाकडे? जाहिरात कुठल्या कंपनीमार्फत? ही सगळी बिलं एकाच घराच्या वेगवेगळ्या कंपन्यांची असली, तर ताळेबंदात नफा शून्य दिसेल आणि पैसा तरी घरातच राहील. सगळीच कॉलेजं असं करतात असं नाही. काही खासगी संस्थांनी उत्तम शिक्षक ठेवलेत, त्यांची नावं उद्योगात आदराने घेतली जातात. पण कागदावरचा ‘ना नफा’ हा शब्द पालकाला कुठलंही संरक्षण देत नाही, एवढं मात्र खरं.

अमेरिकेत नफ्यासाठीची कॉलेजं उघडपणे चालतात. तिथेही हाच अनुभव आला. कोरिंथियन कॉलेजेस २०१५ मध्ये कोसळली, आयटीटी टेक २०१६ मध्ये. हजारो विद्यार्थी अर्ध्यावर राहिले आणि सरकारी शैक्षणिक कर्जं माफ करण्याची वेळ आली. आपल्याकडे कॉलेज बुडालं तर बँकेचा हप्ता बापाच्याच नावावर चालू राहतो.

बेल्लमपल्लीतच हे का टोचतं?

हे गाव कोळशावर उभं राहिलं. १९२० च्या दशकात इथे खाणी सुरू झाल्या आणि तेलुगू, मराठी, हिंदी बोलणारी माणसं कामाला आली. काझीपेठ-बल्लारशा रेल्वेने गाव दोन्हीकडे जोडलं. बापानंतर पोरगा खाणीत, हा इथला शिरस्ता होता. आता जुन्या भूमिगत खाणी एकेक करून बंद पडल्यात, ओपनकास्टला माणसं कमी लागतात. वारसांना नोकरी देण्याची योजना २०१७ मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर राहिला तो वैद्यकीयदृष्ट्या अनफिट ठरलेल्या किंवा मृत कामगारांच्या वारसांचा रस्ता. तो सगळ्यांसाठी नाही, आणि नसलेलाच बरा, असं कुठल्याही आईला वाटेल.

म्हणून शिक्षणावर भार आला. निवृत्त होताना हातात येणारी रक्कम हीच या घरांची आयुष्यातली एकमेव मोठी पुंजी असते. तिच्यावर तीन दावे असतात : मुलीचं लग्न, घर आणि मुलाचं शिक्षण. यांतला तिसरा दावा शहरातल्या कॉलेजच्या मार्केटिंगवाल्यांनाही बरोबर माहीत असतो.

आता हिशेब पाहू. समजा साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज ११ टक्के व्याजाने काढलं आणि सात वर्षांत फेडायचं ठरलं. महिन्याचा हप्ता होतो सुमारे १२,८५० रुपये. सात वर्षांत भरायचे सुमारे १० लाख ७९ हजार, आणि शिकतानाच्या काळातलं व्याज वेगळं. मुलाला हैदराबादेत २२ हजारांची नोकरी लागली, तर खोलीभाडं आणि जेवण गेल्यावर हप्ता कशातून भरणार? ‘पॅकेज’ साडेतीन लाखांचं सांगितलं जातं, पण त्यात पीएफ, इन्सेंटिव्ह, विमा सगळं धरलेलं असतं. हातात येणारा आकडा विचारायला कोणी लाजू नये.

दोन राज्यं, दोन नियम

सीमेवरच्या कुटुंबांना आणखी एक अडचण आहे. बेल्लमपल्लीचा मराठी मुलगा पुण्यात गेला तर भाषा आपली, नातेवाईक आपले, पण कागदावर तो ‘महाराष्ट्राबाहेरचा’. तेलंगणातलं जातीचं प्रमाणपत्र तिथे आरक्षणाला चालत नाही. एका राज्याचं जात प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात आरक्षणाचा हक्क देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केलंय. राजुऱ्याचा मुलगा हैदराबादला आला तर तीच गत उलट बाजूने. जिवतीच्या चौदा वादग्रस्त गावांत तर दोन्ही राज्यांची रेशनकार्डं घरात आहेत. तिथल्या मुलाने कुठल्या राज्याचा दाखला काढला, यावर त्याची फी ठरते.

तेलंगणात एमबीएचा सरळ रस्ता आयसेट परीक्षेचा. त्यातून मिळणाऱ्या कन्व्हीनर कोट्याच्या जागेवर पात्र मुलांना सरकारची फी परतफेड लागू होते. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. ‘एंट्रन्सची गरज नाही’ या गोड वाक्याची खरी किंमत इथे कळते. महाराष्ट्रात सीईटी सेलची परीक्षा आहे आणि २०१५ च्या कायद्याने फीवर नियामक प्राधिकरणही आहे.

फी परतफेडीतही धोका आहेच. सरकारकडे थकबाकी साचली म्हणून २०२५ मध्ये तेलंगणातल्या खासगी कॉलेजांनी बंद पुकारला होता. सरकार आणि कॉलेज यांच्या भांडणात मुलाचं सर्टिफिकेट मात्र कपाटात अडकतं. कॉलेजने मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांत किती फी परत द्यायची, याचे टप्पेही त्यात आहेत. आज पंचवीस हजार भरायला सांगणारा काउन्सेलर हे टप्पे सांगत नाही.

फी भरण्याआधी काय पाहायचं

पहिलं, पदवी कोण देणार? उस्मानिया, जेएनटीयू, काकतीय, सावित्रीबाई फुले पुणे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर, गोंडवाना असं विद्यापीठाचं नाव लेखी घ्यावं आणि त्या विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत ताडून पाहावं. फक्त ‘टाय-अप’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी दरवर्षी काढते. नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी त्या यादीत वर्षानुवर्षं आहे, म्हणजे हा प्रकार फक्त दिल्लीत होतो असंही नाही.

दुसरं, पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची मान्यता चालू वर्षाची आहे का? ‘आयआयएमसुद्धा आधी डिप्लोमाच द्यायचं’ हा युक्तिवाद अजूनही ऐकवला जातो. ते खरंही आहे. आयआयएमना पदवीचा अधिकार मिळाला तो २०१७ च्या कायद्याने, २०१८ पासून. पण आयआयएमच्या डिप्लोमामागे सरकारने उभी केलेली संस्था आणि कॅटची कठीण चाळणी होती. नावातलं साम्य दाखवून तीच पत उसनी घेता येत नाही.

तिसरं, नोकऱ्यांचा आकडा. सर्वांत मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. सरासरीही फसवते, कारण दोघांच्या वीस लाखांनी बाकीच्यांची सरासरी फुगते. मधला आकडा, म्हणजे मीडियन विचारावा. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांना तो जाहीर करावा लागतो. बॅचमध्ये मुलं किती आणि नोकरी किती जणांना, हेही त्यात दिसतं.

चौथं, कॉलेजच्या आधी बँकेत जावं. कर्ज देताना बँकही संस्थेची मान्यता आणि नोकरीचा अंदाज बघते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना अटींनुसार व्याजात तीन टक्के सवलतही मिळू शकते. आपल्या मुलाचं कॉलेज त्या यादीत आहे का, हा प्रश्न मॅनेजरला विचारायला पैसे पडत नाहीत. कॉलेजवाल्यानेच स्वतःची फायनान्स कंपनी पुढे केली आणि बँक मात्र मागे सरकली, तर त्यातून घ्यायचा तो बोध घ्यावा.

पाचवं, त्याच कॉलेजातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं गाठावीत. कॉलेजने दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्या ओळखीतून. मंचेरियाल, कागजनगर, बल्लारशा या पट्ट्यात असं एखादं पोरगं सापडतंच. एका तासाच्या चहात माहितीपत्रकाच्या चाळीस पानांपेक्षा जास्त कळतं.

अजूनही उघडा असलेला प्रश्न

आयआयपीएमला थांबवायला सरकारला चार दशकं लागली. तेही यूजीसीच्या एक हजाराच्या दंडाने जमलं नाही, कोणीतरी याचिका केली म्हणून जमलं. त्या पानभर जाहिराती आता दिसत नाहीत, पण त्यांची जागा मोबाइलवरच्या रील्सनी आणि फोनवरच्या काउन्सेलरनी घेतलीय. पेपरातली जाहिरात निदान सगळ्यांना दिसायची, तिच्यावर कोणी तक्रार करू शकायचं. फोनवर दिलेल्या आश्वासनाचा पुरावा राहत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी दिलेली प्रत्येक हमी ई-मेलवर लेखी मागण्याची सवय पालकांनी लावून घेतली पाहिजे. आणि मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमांची जिल्हावार माहिती गावातल्या डिग्री कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मराठी, तेलुगू, हिंदीत लावणं, हे दोन्ही राज्यांच्या उच्च शिक्षण खात्यांना फारसं जड जाऊ नये.

बेल्लमपल्ली स्टेशनवरून जूननंतर हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांत बॅगा आणि गाद्या घेतलेली मुलं दिसायला लागतील. निरोप द्यायला आलेल्या बापाच्या खिशात फीची पावती असेल. त्या पावतीवर कुठल्या विद्यापीठाचं नाव छापलंय, ते त्याने गाडी येण्याआधी नव्हे, पैसे भरण्याआधी वाचलेलं असावं.